उपयोगिता प्रमाणपत्र परत येऊ नये म्हणून: केंद्राच्या अनुदानाचा हिशेब कोणत्या क्रमाने द्यावा

एप्रिल उजाडला की संस्थांच्या कार्यालयांतून एकाच अर्थाचे फोन सुरू होतात. "यूसीचा कोरा फॉर्म पाठवा ना, बाकी सगळं तयार आहे." यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. फॉर्म जातो. रात्रीतून आकडे भरले जातात, अध्यक्ष सही करतात, शिक्का बसतो. दोन-तीन महिन्यांनी दिल्लीहून पत्र येतं: लेखापरीक्षित हिशेबाशी आकडे जुळत नाहीत, व्याज भरल्याची पावती जोडलेली नाही, सुधारित प्रमाणपत्र पाठवावे. तोवर पुढचा हप्ता अडकलेला असतो आणि मानधनावरची माणसं रोज दारात उभी असतात.

फॉर्म भरण्यात चूक क्वचितच होते, क्रमात मात्र हमखास होते. बहुतेक ठिकाणी आधी उपयोगिता प्रमाणपत्र बनतं आणि मग सीएंना सांगितलं जातं, "याच्याशी जुळेल असं ऑडिट करून द्या." करायचं असतं याच्या अगदी उलट. आधी बँक आणि रोकडवही, मग पीएफएमएस (केंद्राच्या पैशांचा खर्च नोंदवणारी ऑनलाइन प्रणाली), मग ऑडिट, मग व्याज आणि सगळ्यात शेवटी प्रमाणपत्र. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत.

हे सगळं केंद्र सरकारच्या मंत्रालयांकडून थेट अनुदान घेणाऱ्या संस्था, न्यास आणि महाविद्यालयांसाठी. त्यांना जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ (जीएफआर) लागू होतात. उपयोगिता प्रमाणपत्राचा नियम २३८ वा आणि नमुना जीएफआर १२-ए. राज्य शासनाच्या योजनेचं अनुदान असेल तर ज्या शासन निर्णयाने पैसे मिळाले त्याला जोडलेला नमुना वापरा, १२-ए नको.

## टप्पा १: मंजुरी आदेश हातात पडला त्याच दिवशी

आदेश फाइलला लावण्याआधी पेन घेऊन बसा आणि एका कोऱ्या कागदावर एवढं उतरवून काढा: आदेशाचा पूर्ण क्रमांक आणि तारीख, योजनेचं अधिकृत नाव, अनुदान आवर्ती (दरवर्षी मिळणारं) की अनावर्ती (एकदाच मिळणारं), खर्चाच्या कोणत्या शीर्षात किती रक्कम, संस्थेचा स्वतःचा वाटा किती, आणि खर्चाची मुदत. हा कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावा.

शीर्षं तीन असतात: सर्वसाधारण, वेतन आणि भांडवली मालमत्ता निर्मिती. केंद्राच्या हिशेबात त्यांचे सांकेतांक अनुक्रमे ३१, ३६ आणि ३५. सर्वसाधारण शीर्षातल्या पैशांतून संगणक घेतला तर बिल कितीही खरं असो, तो खर्च त्या शीर्षाचा होत नाही. एका शीर्षाचे पैसे दुसरीकडे वळवायचे असतील तर लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. "गरज होती म्हणून घेतला, आता मंजुरी द्या" या पत्राला सहसा उत्तर येत नाही. आलंच तर नकारार्थी येतं.

सावध: आदेशात "प्रकल्पाचा कालावधी १२ महिने" असं लिहिलेलं असतं आणि पैसे येतात ऑक्टोबरात. मग संस्था ऑक्टोबर ते सप्टेंबर असं एकच प्रमाणपत्र करते. ते चालत नाही. प्रमाणपत्र आर्थिक वर्षाचं असतं. असा प्रकल्प दोन आर्थिक वर्षांत मोडतो, म्हणून प्रमाणपत्रंही दोन.

## टप्पा २: पहिला रुपया खर्च करण्याआधी

बँक खातं वेगळं हवं. त्या योजनेचं, आणि तेवढ्याच योजनेचं. आदेशात तशी अट नसली तरी ठेवा, कारण व्याजाचा हिशेब लावताना एकत्र खात्यातून कोणत्या पैशाचं व्याज किती हे सांगता सांगता घाम फुटतो. काही योजनांत पैसे तुमच्या खात्यात येतच नाहीत. केंद्रीय नोडल एजन्सीच्या खात्यातच राहतात आणि तुम्हाला शून्य शिल्लक खात्यावर खर्चाची मर्यादा मिळते. तिथे व्याजही त्या एजन्सीच्याच खात्यात जमा होतं. तुमच्या प्रमाणपत्रात व्याजाचा रकाना निरंक राहील.

पीएफएमएसवर संस्थेची नोंद त्याच योजनेखाली आणि त्याच खात्याला जोडून आहे का ते पाहा. नीती आयोगाच्या दर्पण या संस्था-नोंदणीच्या पोर्टलवरचं नाव, पॅनवरचं नाव आणि खात्याचं नाव एकच असलं पाहिजे. "शिक्षण प्रसारक मंडळ" आणि "शिक्षण प्रसारक मंडळ, अमुक गाव" ही संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळी नावं असतात.

व्हाउचरसाठी एक रबरी शिक्का करून घ्या: "अमुक योजनेच्या अनुदानातून अदा", खाली शीर्ष आणि आर्थिक वर्ष. थोड्याच पैशांत होतो. मूळ बिल आलं की त्यावर हा शिक्का बसलाच पाहिजे. एकच बिल दोन दात्यांना दाखवल्याचा आरोप बहुतेक वेळा गोंधळातून येतो, बेइमानीतून नव्हे, पण तपासणाऱ्याला आतलं काय माहीत?

मालमत्ता नोंदवहीही आत्ताच उघडा. स्थिर मालमत्तेसाठी जीएफआर २२ हा नमुना आहे. संस्थेचं नेहमीचं डेडस्टॉक रजिस्टर असेल तर त्यात अनुदानातल्या वस्तूंसाठी वेगळी पानं ठेवा आणि वस्तूवर रंगाने नोंद क्रमांक घाला.

सावध: "संस्थेचे पगार थकलेत, अनुदानाच्या खात्यातून आठ दिवसांसाठी फिरवू." फिरवू नका. पैसे परत भरले तरी बँक स्टेटमेंटवर दोन्ही ओळी कायम राहतात, आणि तपासणीला येणारा माणूस पहिल्यांदा स्टेटमेंटच मागतो.

## टप्पा ३: वर्षभर, बिलागणिक

इथे तीनच गोष्टी सांभाळायच्या.

पहिली, अॅडव्हान्स म्हणजे खर्च नव्हे. शिबिरासाठी समन्वयकाला २०,००० रुपये दिले, त्याने बिलं दिली नाहीत, तर ३१ मार्चला ते वीस हजार असमायोजित अग्रिम (हिशेब न मिळालेली उचल) म्हणून शिल्लकेत दिसतात. तसंच पुरवठादाराला दिलेल्या आगाऊ रकमेचं. मुदत ठेव तर मुळीच खर्च नाही. आणि "ऑर्डर दिली आहे, माल यायचा आहे" हाही खर्च नाही.

दुसरी, पीएफएमएसबाहेर चेक फाडू नका. पेमेंट अॅडव्हाइस छापून सही करून बँकेत दिली की काम झालं असं समजू नका. बँकेने ती प्रत्यक्ष उतरवली का, हे दोन-तीन दिवसांनी बघा. आयएफएससी चुकल्यामुळे परत आलेली रक्कम रोकडवहीत मात्र खर्चच राहते, असं दर वर्षी कुठेतरी होतंच.

तिसरी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर. एक लाखाच्या व्यावसायिक शुल्कावर दहा हजार कापले, नव्वद दिले. मार्चमधली कपात ३० एप्रिलपर्यंत भरायची सवलत खाजगी संस्थांना आहे, म्हणून ती एप्रिलमध्ये जाते. मग खर्च एक लाख दाखवायचा की नव्वद हजार, यावर मेमध्ये वाद. सोपा उपाय: अनुदानाच्या खात्यातला टीडीएस ३१ मार्चच्या आतच भरून टाका. प्रश्नच उरत नाही.

तपासा: दर तिमाहीला, बँकेचं व्याज जमा झालं की, पासबुक आणि रोकडवही शेजारी ठेवून अर्धा तास बसा. अर्ध्या तासाच्या या चार बैठका एप्रिलचे चार दिवस वाचवतात.

## टप्पा ४: ३१ मार्चला पुस्तकं बंद करताना

बँक ताळमेळ पत्रक करा. पासबुकात ७७,५०० दिसतात, पण ३० मार्चला दिलेला १२,००० चा चेक वटायचा आहे, तर रोकडवहीची शिल्लक ६५,५००. प्रमाणपत्रात जाते ती रोकडवहीची शिल्लक, आणि ताळमेळ पत्रक सोबत जोडायचं. पासबुकाचा आकडा थेट उतरवणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे, आणि सगळ्यात लवकर पकडली जाणारीही.

पैसे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आले तर? घाबरून बिलं गोळा करू नका. ३१ मार्चच्या तारखेची चाळीस बिलं, सगळी एकाच दुकानाची, क्रमांक ओळीने. असा गठ्ठा पाहिला की कोणालाही कळतं. मिळालेली रक्कम मिळाली म्हणून दाखवा, खर्च निरंक दाखवा, पूर्ण रक्कम अखर्चित दाखवा आणि ती पुढच्या वर्षी वापरायची परवानगी एप्रिलमध्येच लेखी मागा. आवर्ती अनुदानात पुढची मंजुरी देताना मागची अखर्चित रक्कम लक्षात घेतलीच जाते, तेव्हा लपवून काही मिळत नाही.

आदेश मार्चचा आणि पैसे खात्यात एप्रिलमध्ये, हेही घडतं. मंत्रालयाच्या हिशेबात ते मागच्या वर्षाचं, तुमच्या खात्यात या वर्षाचं. तुम्ही प्रत्यक्ष जमेच्या तारखेने चाला, पण प्रमाणपत्राखाली एक ओळ लिहा: "आदेश क्र. अमुक, दि. अमुकची रक्कम खात्यात दि. अमुक रोजी जमा." ही ओळ नसली की तिकडच्या कारकुनाला वाटतं एक हप्ता गायब आहे.

## टप्पा ५: पीएफएमएसशी जुळवणी

पीएफएमएसवरचा योजनेचा खर्च आणि रोकडवहीतला खर्च शीर्षवार जुळला पाहिजे. एकूण जुळून उपयोग नाही. फरक साधारण दोन ठिकाणी सापडतो: चुकीच्या घटकाखाली नोंदलेला खर्च आणि बँकेने परत केलेलं पेमेंट. मंत्रालयात बसलेला माणूस तुमचं प्रमाणपत्र उघडण्याआधी स्क्रीनवर हेच पाहतो. इथला फरक न मिटवता पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: ऑडिट

आता सीएंकडे जा. त्यांना संस्थेच्या एकत्र हिशेबाबरोबर या योजनेचं स्वतंत्र जमा-खर्च पत्रकही मागा. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांना धर्मादाय कार्यालयासाठी अनुसूची आठ आणि नऊमध्ये ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक करावंच लागतं. अनुसूची आठमधल्या अखर्चित अनुदानाचा आकडा आणि प्रमाणपत्रातला अखेरचा आकडा एकच हवा. एका संस्थेत मी पाहिलं, ताळेबंदात पूर्ण अनुदान "उत्पन्न" म्हणून गेलं होतं आणि प्रमाणपत्रात लाखभर रुपये अखर्चित. दोन्ही कागदांवर त्याच खजिनदारांची सही. पुढचं वर्ष खुलासे लिहिण्यात गेलं.

## टप्पा ७: व्याज परत करणे

नियम २३० स्पष्ट सांगतो: अनुदानावर मिळालेलं व्याज किंवा इतर कमाई हिशेब अंतिम झाल्यावर लगेच भारताच्या संचित निधीत भरायची. "व्याजसुद्धा त्याच कामावर खर्च केलं" हे उत्तर कितीही प्रामाणिक असलं तरी ग्राह्य नाही.

भरणा भारतकोश या केंद्र सरकारला पैसे भरण्याच्या पोर्टलवर होतो. नोंदणी न करताही भरता येतो. मंत्रालय, भरण्याचं प्रयोजन, वेतन व लेखा कार्यालय आणि आहरण अधिकारी (डीडीओ) हे रकाने निवडावे लागतात. अंदाजाने निवडू नका. चुकीच्या कार्यालयाच्या नावे भरलेले पैसे सरकारजमा होतात खरे, पण तुमच्या योजनेच्या अधिकाऱ्याला ते दिसत नाहीत, आणि ते शोधून त्याच्यापर्यंत आणण्याचा पत्रव्यवहार तुम्हालाच करावा लागतो. मंजुरी आदेशाच्या शेवटी या कार्यालयांची नावं बहुधा असतात. नसतील तर विभागाला ईमेलने विचारा आणि उत्तर छापून ठेवा. पावतीची प्रत तिथल्या तिथे उतरवून घ्या, तपशिलात आदेश क्रमांक आणि "अमुक वर्षाचे व्याज" लिहा.

## टप्पा ८: आता जीएफआर १२-ए

फॉर्मचं हृदय म्हणजे मधला तक्ता. एका काल्पनिक संस्थेचे आकडे घेऊन भरूया.

१ एप्रिलची स्थिती: बँकेत १,००,०००, असमायोजित अग्रिम २०,०००, एकूण १,२०,०००. हा आकडा मागच्या वर्षीच्या प्रमाणपत्रातल्या अखेरच्या शिल्लकेशी रुपयाने रुपया जुळला पाहिजे. तपासणारा सुरुवात इथूनच करतो.

त्यानंतर रकाने:
- मागील अखर्चित शिल्लक: १,२०,०००
- वर्षात मिळालेलं व्याज: १४,६००
- सरकारला परत भरलेलं व्याज: ९,१००
- वर्षात मिळालेलं अनुदान, आदेश क्रमांक, तारीख आणि रक्कम: ८,००,०००
- एकूण उपलब्ध निधी: ९,२५,५००
- झालेला खर्च: ८,४०,०००
- अखेरची शिल्लक: ८५,५००

आता ही ८५,५०० फोडून दाखवा: रोकडवहीप्रमाणे बँकेत ६५,५००, असमायोजित अग्रिम २०,०००. बेरीज जुळली. पण अजून एक तपासणी बाकी आहे. १४,६०० मधले ९,१०० भरले, म्हणजे ५,५०० रुपये व्याज अजून याच शिल्लकेत बसलेलं आहे. ते वजा केलं की खरं अखर्चित अनुदान ८०,०००. आणि १,२०,००० अधिक ८,००,००० वजा ८,४०,००० म्हणजे ८०,०००च. दोन वाटांनी एकच आकडा आला, तर तक्ता बरोबर आहे असं समजा.

राहिलेले ५,५०० हे ३१ मार्चला जमा झालेलं शेवटच्या तिमाहीचं व्याज. ते तुम्ही मेमध्ये भरलं तरी या वर्षाच्या "परत भरलेलं व्याज" या रकान्यात घालू नका; ३१ मार्चला ते खात्यातच होतं. भारतकोशची पावती जोडा, खाली टीप लिहा, आणि पुढच्या वर्षीच्या रकान्यात ते दाखवा. हा एक आकडा चुकीच्या वर्षात घातल्यामुळे पूर्ण तक्ता ५,५०० ने डुगडुगतो आणि मग कोणीतरी "किरकोळ खर्च" वाढवून तो टेकवतो. तसं करू नका.

तक्त्याखाली शीर्षवार खर्च द्यायचा: सर्वसाधारण, वेतन, भांडवली. तिघांची बेरीज ८,४०,०००च यायला हवी.

सावध: खर्च उपलब्ध निधीपेक्षा जास्त झाला म्हणून उणे शिल्लक दाखवू नका. जादा रक्कम संस्थेने घातली असेल तर ती ऑडिटच्या पत्रकात संस्थेचा वाटा म्हणून स्वतंत्र दाखवा.

सावध: दोन योजना एका प्रमाणपत्रात घालू नका, मंत्रालय एकच असलं तरी. एकाच योजनेचे वर्षातले तीन हप्ते मात्र एकाच तक्त्यात, तीन ओळींत येतील.

## टप्पा ९: खालची विधानं आणि सह्या

तक्त्याखाली छापील विधानं असतात आणि ती वाचल्याशिवाय सही होते, हे सगळ्यांना माहीत आहे. निदान या वर्षी वाचा. हिशेब आणि मालमत्ता नोंदवही नियमाप्रमाणे ठेवली, लेखापरीक्षण झालं, लाभ ठरलेल्या लाभार्थ्यांनाच मिळाला, ठरलेल्या प्रमाणातच खर्च झाला, असं तुम्ही लिहून देता. नोंदवही मार्चपासून कोरी असेल तर आधी ती भरा.

सोबत भौतिक आणि आर्थिक प्रगतीचं परिशिष्ट लागतं. इथे "कार्यक्रम यशस्वीरीत्या पार पडला" असं लिहून भागत नाही. मंजुरीत ६० प्रशिक्षणार्थी होते, झाले ५२, आठ का कमी पडले, एवढं दोन ओळींत लिहा. उद्दिष्ट गाठलं की नाही हे प्रमाणपत्रातून दिसलं पाहिजे, असं नियमच सांगतो. कमी आकडा खरा लिहिलेला चालतो. साठची यादी आणि बावन्न सह्या असलेलं हजेरीपत्रक चालत नाही.

सह्या दोन: वित्तप्रमुखाची आणि संस्थाप्रमुखाची. लहान संस्थेत खजिनदार आणि अध्यक्ष किंवा सचिव. नमुन्यात सीएंच्या सहीची जागा नाही, पण अनेक विभाग आदेशातच ती मागतात, तेव्हा आदेश पाहा. प्रमाणपत्राची तारीख ऑडिट अहवालाच्या तारखेनंतरची हवी. ऑडिट ऑगस्टचं आणि "लेखापरीक्षण झाले आहे" असं सांगणारं प्रमाणपत्र मेचं, असे कागद मी पाहिले आहेत.

## टप्पा १०: पाठवणे आणि त्यानंतर

मुदत आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिने. २०२४-२५ साठी ३१ मार्च २०२६. ही शेवटची सीमा झाली; पुढचा हप्ता हवा असेल तर तिच्या भरवशावर राहू नका. आवर्ती अनुदानात पुढच्या वर्षाच्या मंजूर रकमेच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागच्या वर्षाचं प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षित हिशेब मिळाल्याशिवाय सुटत नाही. मुदतीत प्रमाणपत्र गेलंच नाही तर यापुढच्या कोणत्याही अनुदानासाठी संस्थेला काळ्या यादीत टाकण्याची मुभा मंत्रालयाला आहे.

गठ्ठ्याचा क्रम: आवरणपत्र, १२-ए, परिशिष्टं, योजनेचं लेखापरीक्षित पत्रक, बँक ताळमेळ, व्याजाची पावती, मालमत्ता नोंदवहीची प्रत, मंजुरी आदेशाची प्रत. पोर्टलवर चढवलंत तरी पोच क्रमांक आवक-जावक वहीत लिहा. टपालाने पाठवलंत तर स्पीड पोस्टची पावती फाइलला.

त्रुटी निघाली तर जुन्या प्रमाणपत्रावर खाडाखोड करून परत पाठवू नका. नवं करा, वर "सुधारित" लिहा, आवरणपत्रात कोणता आकडा का बदलला ते सांगा. आणि बदललेला आकडा ऑडिटच्या पत्रकातला असेल तर तेही सीएंकडून सुधारून घ्या.

मूळ व्हाउचर रद्दीत जाऊ देऊ नका. मंजुरी देणारा विभाग आणि कॅग (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) दोघांनाही हे हिशेब तपासायचा अधिकार आहे आणि ते पाच वर्षांनीही येतात. अनुदानातून घेतलेली गाडी किंवा यंत्र जुनं झालं म्हणून परस्पर विकताही येत नाही. रीतसर निर्लेखित (निकामी ठरवून नोंदीतून कमी) झालेली वस्तू सोडली तर मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. ते पत्र मालमत्ता नोंदवहीतल्या त्या वस्तूच्या पानालाच टाचून ठेवा.